पावसाचा आवाज, बोलून केलेले उपचार आणि संमोहन: कोल्हापुरातला माझा अनुभव

चैत्रपालवी | ११ जून, रात्री ९.४०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज दुपारी यंदाचा पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा मी भाकऱ्या करत होते. शेवटची भाकरी तव्यावरून उतरवली आणि लक्षात आलं, पाऊस कोसळत असताना मी एकदाही खिडकीशी गेले नाही. म्हणून आजच लिहायला बसले.

आमचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यात कमरेच्या वर पाणी होतं. सासूबाईंना खांद्यावर घेऊन बाहेर काढलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच, फक्त तेव्हा आम्ही आधीच निघालो होतो. आणि गंमत नव्हे, खरं सांगते, मला त्रास सुरू झाला तो दुसऱ्या पुरानंतर, जेव्हा आमचं तुलनेनं काहीच गेलं नव्हतं.

रात्री दोन-अडीचला जाग यायची. अंधारात जिना उतरायचा, खालच्या पायरीला हात लावायचा, कोरडी आहे म्हणून परत वर यायचं. असं एका रात्रीत तीन-चार वेळा. पावसाळ्यातच नाही, जानेवारीतसुद्धा. फोनवर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून तीस-चाळीस वेळा बघायची. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं, पण माझ्या डोक्यात ते आकडे सतत चालूच. 'राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले' एवढा मेसेज आला की हातपाय गार पडायचे. मुलांवर ओरडणं वाढलं. मिस्टर म्हणाले, "अख्ख्या गल्लीत पाणी आलं होतं, तू एकटीच का धरून बसलीस?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मलाही तोच प्रश्न पडलेला.

कुणीतरी दोन दिवसांच्या संमोहन शिबिराबद्दल सांगितलं. एका हॉलमध्ये पन्नासेक जण सतरंजीवर आडवे, आणि स्पीकरवर आवाज: "तुम्ही शांत वाहणाऱ्या नदीच्या काठावर आहात. पाण्याचा आवाज ऐका." माझ्या छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं झालं. मी उठून बसले, रडायला लागले. तिथले गृहस्थ म्हणाले, जुनं काहीतरी बाहेर पडतंय, मागच्या जन्मी तुम्ही बुडून गेला असाल, वेगळी दहा सत्रं घ्यावी लागतील. मी तीन आठवडे त्यावर विश्वास ठेवला. त्या तीन आठवड्यांत बुडण्याची स्वप्नं पडायला लागली, जी त्याआधी कधीच पडली नव्हती.

नंतर मानसशास्त्र शिकणाऱ्या भाचीनं हात धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं, झोपेसाठी थोड्या आठवड्यांची गोळी दिली आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषध न देता बोलून उपचार करणाऱ्या बाईंकडे पाठवलं. चौदा आठवडे, शेवटचे काही सोडले तर दर आठवड्याला एकदा, साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटं.

मला वाटलं होतं त्या सांगतील, घाबरू नका, काही होत नाही. त्यांनी विचारलं, "पूर पुन्हा येईल असं वाटतं का?" मी म्हटलं, येणारच. त्या म्हणाल्या, "मग आपण येणार असंच धरून चालू." मला पहिल्यांदा वाटलं, हे माणूस माझं ऐकतंय. मग आम्ही दोघींनी मिळून तयारी आणि काळजी वेगळी केली. घरातल्या फ्रीजवर आता कागद आहे: ४० फुटाला कागदपत्रांची पिशवी माळ्यावर, ४२ ला सिलिंडर आणि धान्य वर, ४३ ला सासूबाई नणंदेकडे. हे ठरलं की मग पातळी बघायची फक्त सकाळी आठ आणि रात्री आठ. पहिले चार दिवस फार वाईट गेले. हात फोनकडे आपोआप जायचा. भीती शंभरपैकी किती ते वहीत लिहायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. नव्वद लिहिलेलं असायचं. दहा मिनिटांनी न बघताही सत्तर व्हायचं. हे मला कुणी तोंडानं सांगितलं असतं तर पटलं नसतं, माझ्याच अक्षरात वहीत दिसत होतं म्हणून पटलं.

पायरीचंही तसंच. आधी दहा मिनिटं उशिरा जायचं, मग वीस, मग गेलंच नाही तर काय होतं ते बघायचं.

आणि २०१९ ची ती रात्र. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं सांगायची, आज घडतंय तशी. पहिल्यांदा अर्ध्यात थांबले. चौथ्या वेळी सांगताना आठवलं की खांद्यावरून जाताना सासूबाई तपकिरीच्या डबीसाठी हट्ट करत होत्या आणि शेजारचा मुलगा ती आणायला पाण्यात परत गेला होता. घरी येऊन त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "व्हय की, त्यानंच आणून दिली." त्या रात्रीत पाण्याशिवाय हेही होतं. मी इतकी वर्षं नुसतं पाणी धरून बसले होते.

संमोहन सातव्या भेटीत आलं, तेही झोपेपुरतं. त्यांनी आधी परवानगी विचारली. मी शिबिरातल्या नदीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग जागा तुम्ही निवडा." माझं माहेर राधानगरी रोडवरच्या गावात, घरचं गुऱ्हाळ होतं. मी गुऱ्हाळ निवडलं. जानेवारीतली पहाट, चुलवाणाची ऊब, काहिलीतून उठणारी वाफ, मळी काढणारे काका. डोळे मिटून, श्वास मोजत, त्या बोलतील तसं मी तिथं जाऊन बसायची. या सगळ्यात मला रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू येत होता, नाकाला खाज आली तर खाजवता येत होतं. शुद्ध हरपली वगैरे काहीही नाही. वीस मिनिटांचं ते बोलणं त्यांनी माझ्याच फोनवर रेकॉर्ड करून दिलं. अजूनही पावसाच्या रात्री लावते.

मी बरी झाले ती संमोहनानं असं मला म्हणायचं नाही. ते चौदा आठवड्यांतलं एक काम होतं. पण शिबिरातली नदी आणि बाईंकडचं गुऱ्हाळ, दोन्हीला लोक 'संमोहन'च म्हणतात, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कळला असता तर माझे काही महिने वाचले असते. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

सध्या_बंगळूरू | ११ जून, रात्री १०.१५

ताई, पायरीला हात लावून बघणं वाचून अंगावर काटा आला. आमचं घर व्हीनस कॉर्नरजवळ. आई अजून ते करते. आज तिला हे वाचून दाखवणार.

उद्यमनगरकर | ११ जून, रात्री ११.०५

ताई, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण बोलून बरं होतं हे मला पटत नाही. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर आम्ही रोज रात्री दोन तास बोलतोच की. वीस वर्षांचे दोस्त आहेत. त्यांच्याशी बोललेलं आणि पैसे मोजून परक्या बाईशी बोललेलं यात फरक काय? हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

अबोली | १२ जून, सकाळी ७.५०

दादा, प्रश्न अगदी रास्त आहे. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, कोल्हापुरातच काम करते. धाग्यातल्या ताईंच्या बाई मी नव्हे.

कट्टा फार मोलाचा आहे आणि तो कधीही सोडू नका. पण तिथं तुम्ही काय सांगत नाही, ते आठवून बघा. दोस्ताचं तुमच्यावर प्रेम असतं म्हणूनच त्याला तुम्ही लवकर बरे व्हायला हवे असता. तो लगेच उपाय सांगतो, विषय बदलतो, नाहीतर स्वतःचं सांगतो. आमच्या कामात घाई नसते. काय बदलायचं हे पहिल्या दोन-तीन भेटींत ठरवून लिहिलं जातं, दर आठवड्याला ते तपासलं जातं, आणि काम पुढं सरकत नसेल तर पद्धत बदलली जाते. ताईंची ती शंभरपैकी आकड्यांची वही म्हणजे तेच. आणि भीतीनं आपण जे जे टाळतो किंवा पुन्हा पुन्हा तपासतो, त्यानंच भीती टिकून राहते. दोस्त तिथं नकळत मदत करतो, "थांब, मीच बघतो पातळी" म्हणतो. आम्हाला उलट दिशेनं, पण तुमच्या सहमतीनं, हळूहळू जावं लागतं.

हा उपचार जन्मला कसा ते सांगते, मला ती गोष्ट आवडते. १८८० च्या सुमारास व्हिएन्नात डॉ. ब्रॉयर एका तरुण मुलीवर उपचार करत होते. ते तिला संमोहनात नेत, आणि तिच्या लक्षात आलं की मनातलं सांगून झालं की हलकं वाटतं. त्या प्रकाराला तिनंच 'बोलण्याचा उपचार' असं नाव दिलं, आणि दुसरं नाव दिलं 'धुराडं झाडणं'. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं त्यावरचं पुस्तक १८९५ मध्ये आलं. म्हणजे बोलण्याचा उपचार आणि संमोहन एकाच खोलीत जन्मले. फ्रॉइडनं पुढं संमोहन सोडलं आणि बोलणं ठेवलं.

नुसतं धुराडं झाडून सगळ्यांचं भागत नाही, हे नंतरच्या लोकांना दिसलं. १९५५ पासून अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात आरन बेक यांनी विचार आणि वागणं यांवर थेट काम सुरू केलं. घटनेइतकाच, आपण तिचा लावलेला अर्थ आपल्याला छळतो, हा त्यांचा गाभा. एलिसची विवेकनिष्ठ पद्धत मराठी माणसांपर्यंत नेण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या संस्थेनं ते काम घराघरांत पोचवलं. मी स्वतः मराठीत हे वाचलं म्हणून या क्षेत्रात आले.

सत्यशोधक_करवीर | १२ जून, सकाळी ९.३०

चैत्रपालवीताई, मागच्या जन्माचं जे तुम्हाला सांगितलं गेलं, त्याबद्दल मला फार वाईट वाटलं. आम्ही गावोगाव प्रबोधनाचे कार्यक्रम करतो, आणि संमोहनाच्या नावावर हे सगळीकडे दिसतं. रंगमंचावर माणसाला कोंबड्यासारखं आरवायला लावलं की लोकांना वाटतं, त्या माणसाच्या नजरेत ताकद आहे.

ही ताकदीची समजूत कुणी मोडली? आपल्याच शेजारच्या माणसानं. पणजीला जुन्या सचिवालयाच्या शेजारी एक पुतळा आहे, एक पाद्री हात पसरून उभा आणि समोर कोसळणारी बाई. कोल्हापूरकर गोव्याला जातात, पुतळ्यासमोर फोटो काढतात आणि पुढं जातात. ते आबे फारिया. १७५६ मध्ये बार्देशातल्या कांदोळीत जन्मले. त्यांच्या आधी मेस्मर नावाचा डॉक्टर सांगत होता की आपल्या शरीरातून एक चुंबकीय द्रव रोग्यात जातो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजानं नेमलेल्या समितीनं तपासणी केली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. त्यांना तो द्रव काही सापडला नाही. १८१३ मध्ये फारियांनी पॅरिसमध्ये प्रयोग करून दाखवायला सुरुवात केली आणि ठामपणे सांगितलं, करणाऱ्यात काही शक्ती नसते, जे होतं ते ऐकणाऱ्याच्या एकाग्रतेतून आणि विश्वासातून होतं. पॅरिसनं त्यांची टिंगल केली. १८१९ मध्ये ते तिथंच वारले.

आज आपण ज्याला हिप्नॉटिझम म्हणतो तो शब्द रूढ केला मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकानं, १८४० च्या दशकात, झोपेच्या ग्रीक देवाच्या नावावरून. पुढं त्यालाच तो शब्द खटकायला लागला, कारण ही झोप नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

तेव्हा ताई, भाजीवाला ऐकू येत होता असं तुम्ही लिहिलंत, ते फारियांच्या सिद्धांताला धरूनच आहे. जो कुणी 'मी तुमच्या मनाचा ताबा घेतो' म्हणेल, त्याच्या दारातून परत फिरावं.

कृष्णाकाठ | १२ जून, दुपारी २.२०

मी शिरोळ तालुक्यातला. माझ्या बाबांबद्दल विचारायचं आहे. २०१९ ला पाणी रात्रीतून वाढलं तेव्हा बाबांनी स्वतः गोठ्यातल्या म्हशींची दावी विळ्यानं कापली. चार होत्या. दोन पुढं बांधावर सापडल्या, दोन गेल्या. त्यातली एक आजीच्या वेळची होती.

तेव्हापासून ते बोलत नाहीत. म्हणजे कामापुरतं बोलतात. संध्याकाळी रिकाम्या गोठ्यात जाऊन बसतात. उसाचं बघतात, सोसायटीचं बघतात, जेवतात कमी. मी दवाखान्याचं नाव काढलं तर म्हणाले, "मला काय वेड लागलंय व्हय?" त्यांना संमोहनानं बोलतं करता येईल का? त्यांच्या नकळत काही करता येत असेल तर सांगा.

अबोली | १२ जून, दुपारी ३.०५

दादा, आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर. बाबांना सरळ विचारा की जगणं नको वाटतं का, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही, उलट माणसाला हलकं वाटतं. आणि घरात फवारणीची औषधं असतील तर आजच कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे. उत्तर 'हो' आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच जवळच्या रुग्णालयात न्या.

आता संमोहनाचं. त्यांच्या नकळत काहीही होत नाही आणि करूही नये. माणूस तयार नसेल तर संमोहन लागतच नाही, ते जबरदस्तीनं बोलतं करण्याचं यंत्र नव्हे. त्यात खोदून आठवणी काढायला गेलं तर खोट्या आठवणीही तयार होतात आणि त्या खऱ्याइतक्याच खऱ्या वाटतात. ताईंना बुडण्याची स्वप्नं तिथूनच पडायला लागली असावीत. ज्यांना भास होतात, आवाज ऐकू येतात किंवा ज्यांचा उन्माद चाललेला असतो, त्यांच्यावर संमोहन करायचं नसतं. हे शिबिरात पन्नास जणांना एकत्र झोपवताना कोण तपासणार?

मग ते कशासाठी चांगलं? वेदना कमी करण्यासाठी, शस्त्रक्रिया किंवा दातांच्या उपचाराची भीती घालवण्यासाठी, झोपेसाठी, आणि ताणानं बिघडणाऱ्या पोटासाठी. मँचेस्टरच्या डॉ. व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये पोटाच्या दुखण्यावर ते वापरून दाखवलं. वर्षभर औषधांनी फरक पडला नाही तर अशा रुग्णांना संमोहनोपचारासाठी पाठवण्याचा विचार करावा, असं आता ब्रिटनची मार्गदर्शक सूचना सांगते. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं तर १९५५ मध्येच त्याला उपयुक्त मानलं होतं. सिगारेट एका बैठकीत सुटते वगैरे जाहिरातींना मात्र तसा भक्कम पुरावा नाही. आणि सगळ्यांवर ते सारखं चालत नाही, काहींना पटकन लागतं, काहींना फारच थोडं.

बाबांना "बोला, बोला" म्हणू नका. संध्याकाळी ते गोठ्यात बसतात ना, तुम्हीही शेजारी जाऊन बसा. म्हशींची नावं विचारा.

कृष्णाकाठ | १२ जून, दुपारी ३.३०

औषधांचे डबे आत्ताच कुलपात टाकले. धन्यवाद मॅडम. रात्री विचारतो.

आजरा_घनसाळ | १२ जून, संध्याकाळी ६.४५

आमच्याकडे आजऱ्यात असे तज्ज्ञ दारात नाहीत, कोल्हापूर गाठायचं म्हणजे दिवस जातो. मी शाळेत शिकवते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईसाठी मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावला होता. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकत होती. गरज वाटली तर वरच्या तज्ज्ञांशी जोडून देतात. कृष्णाकाठदादा, आधी तुम्ही स्वतःच लावा. मुलानं वडिलांबद्दल फोन केला तरी ते बोलतात.

सध्या_बंगळूरू | १२ जून, रात्री ८.३०

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. मी इथं सहा महिने इंग्रजीतून थेरपी घेतली. बाई चांगल्या होत्या. पण 'जीव टांगणीला लागतो' हे मी त्यांना कधी सांगूच शकलो नाही. 'हुरहूर' आणि 'धास्ती' दोन्हीसाठी माझ्याकडे एकच इंग्रजी शब्द होता. मग व्हिडिओ कॉलवर मराठी बोलणाऱ्या तज्ज्ञ शोधल्या. पहिल्याच दिवशी म्हणालो, "घरी फोन करायचा म्हटलं की पोटात खड्डा पडतो," आणि त्यांनी विचारलं, "खड्डा कधीपासून पडतो?" तिथून गाडी पुढं गेली. बाहेरगावच्या मुलांनी आपल्या भाषेतला माणूस जरूर शोधावा.

उद्यमनगरकर | १२ जून, रात्री ११.५०

अबोलीताई, कट्ट्यावर काय सांगत नाही ते आठवून बघा म्हणालात. सकाळपासून तेच डोक्यात आहे. आज कट्ट्यावर गेलो आणि गप्प बसलो.

माझं छोटं फाउंड्री युनिट आहे. साच्यातून गॅस बाहेर जायला आम्ही मातीत बारीक भोकं मारतो, व्हेंट म्हणतो त्याला. व्हेंट कमी पडलं की गॅस कोंडतो आणि कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल पडतो. वरून माल एकदम गुळगुळीत असतो. मशिनिंगला गेला की भोक दिसतं आणि पार्टी माल परत पाठवते. ते धुराडं झाडण्याचं वाचलं आणि मला माझंच कास्टिंग दिसलं.

आठ महिन्यांपासून मला असं होतंय. शिरोलीच्या पुलावर गाडी आली की छाती धडधडायला लागते, घाम फुटतो, वाटतं आता अटॅक आला. दोनदा रात्री दवाखान्यात पळालो. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. टेन्शन कसं घ्यायचं नाही हे कोणी सांगत नाही. आता हायवेला मी जातच नाही, गाडी पोरगा चालवतो. दोस्तांना सांगितलंय की डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे.

हे पहिल्यांदा कुठंतरी लिहितोय.

अबोली | १३ जून, सकाळी ७.१०

दादा, लिहिलंत हे फार बरं केलंत. हृदयाची तपासणी झाली आहे, हे उत्तम. तुम्ही सांगता ते पॅनिक अटॅकसारखं दिसतं, पण निदान इथून होत नाही, प्रत्यक्ष दाखवा. एवढं सांगते की पॅनिकचा त्रास असेल तर बोलून आणि सरावानं होणाऱ्या उपचारांचा चांगला गुण येतो. शरीराची धोक्याची घंटा चुकीच्या वेळी वाजते. धडधड होते, आपण तिला अटॅक समजतो, त्या समजण्यानं धडधड आणखी वाढते, आणि पुलावरून मागं फिरलं की घंटेला वाटतं, बरोबर वाजले. उपचारात हे चक्र कागदावर काढतात. खोलीतच जागेवर धावून मुद्दाम धडधड आणतात, ती आपोआप उतरताना तुम्हाला बघायला लावतात. मग एक दिवस पुलाजवळ, मग पुलावर. साधारण बारा-पंधरा भेटी धरा.

जाताना समोरच्याची पात्रता जरूर विचारा, आम्हाला राग येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयाचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, औषध तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते, नोंदणी क्रमांक मागा. समुपदेशक चांगलेही असतात, पण त्यांचं शिक्षण काय, किती वर्षं, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारायलाच हवं. आणि नावापुढं फक्त 'हिप्नोथेरपिस्ट' असेल, बाकी मानसशास्त्राचं काहीच शिक्षण नसेल, तर थांबा. काही दिवसांच्या कोर्सवरही ती पाटी लावता येते. ज्याला संमोहनाशिवाय तुमच्यावर उपचार करता येत नाही, त्यानं संमोहनही करू नये, असं माझे शिक्षक म्हणायचे. मी ते आजवर पाळलं आहे.

उद्यमनगरकर | १३ जून, सकाळी ७.४०

खर्च किती येतो? आणि कोणी ओळखीचं भेटलं तर? राजारामपुरीत गाडी लावली की दहा जण हात करतात.

चैत्रपालवी | १३ जून, सकाळी ८.२०

दादा, मला एका भेटीचे आठशे पडायचे. शेवटी शेवटी पंधरा दिवसांनी एकदा जायचे, म्हणून परवडलं. तेवढं जमत नसेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. केसपेपर काढायचा, ओपीडीत बसायचं. गर्दी असते, दोन तास हाताशी ठेवा. विमा असेल तर कागद काढून बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना शरीराच्या आजारासारखंच मनाच्या आजारालाही विमा द्यायला सांगितलंय, पण भेटींचे पैसे तुमच्या पॉलिसीत बसतात का ते विचारावं लागेल. त्याच कायद्यानं तुमची माहिती गुप्त ठेवणं उपचार करणाऱ्यांना बंधनकारक आहे.

ओळखीच्यांचं म्हणाल तर मला भेटली होती, आमच्याच भिशीतली बाई. दोघी एकमेकींकडे बघून अवघडलो. पुढच्या आठवड्यात ती माझ्यासाठी जागा धरून बसली होती.

आजरा_घनसाळ | १३ जून, सकाळी ९.००

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

उद्यमनगरकर | २६ जून, रात्री ९.१५

गेलो होतो. दोन भेटी झाल्या. पहिल्या वेळी पोरगा बाहेर गाडीत बसला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी मला खोलीतच जागेवर पळायला लावलं, अबोलीताई म्हणाल्या तसंच. धडधडलं, घाम आला, मी खुर्ची घट्ट धरली. त्या घड्याळ बघत होत्या. सहा मिनिटांत उतरलं. सहा मिनिटं. मी आठ महिने त्या सहा मिनिटांना भिऊन पळत होतो.

पूल अजून झालेला नाही. दोस्तांपैकी एकाला डोळ्यांचं खोटं होतं हे सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, मलापण झोप लागत नाही रे. त्याला हा धागा पाठवलाय.

कृष्णाकाठ | २७ जून, रात्री १०.३०

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. त्या रात्री बाबांना विचारलं. म्हणाले, तसं काही करणार नाही, पण कधी कधी नकोसं होतं. रात्री मी त्यांच्याजवळच झोपलो आणि सकाळी १४४१६ लावला, आधी एकटा बोललो. तिसऱ्या दिवशी गोठ्यात बाबांच्या शेजारी बसून पुन्हा लावला आणि फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या मॅडमनी म्हशींबद्दल विचारलं. बाबा पंचवीस मिनिटं बोलले. दावं कापताना विळा कसा लागत नव्हता, तेही सांगितलं. आम्हाला घरात कुणालाच ते माहीत नव्हतं.

सोमवारी सीपीआरला आणतोय. स्वतःच तयार झालेत. आज जेवताना मला विचारलं, "त्या डॉक्टरास्नी २००५ च्या पुराचंबी सांगाय लागंल काय?"

चैत्रपालवी | २७ जून, रात्री १०.५०

सांगू देत की, २००५ पासून सांगू देत. सोमवारी लवकर निघा, ओपीडीचे केसपेपर सकाळीच निघतात. आणि काम झालं की शाहूपुरीत आमच्याकडे जेवायला या, मला निरोप पाठवा. सासूबाईंना सांगितलंय, बाबांच्या वयाचं माणूस येणार म्हणून खूश आहेत.